नात्यात आत्मविश्वास हवाय? ध्यान, भजन, उपासना कधी उपयोगी पडते आणि कधी नाही

दवाखान्यात येणारे अनेक रुग्ण तक्रार शरीराची सांगतात. छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, डोकं जड राहतं. तपासण्या केल्या की ईसीजी ठीक असतो, रक्तदाबही फार वाढलेला नसतो. मग थोडं बोलतं केलं की खरी गोष्ट बाहेर येते. सासूसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. नवऱ्याला पैशांबद्दल विचारायची भीती वाटते. लग्न ठरलंय, पण मुलीशी फोनवर काय बोलावं ते सुचत नाही. बायको रागावून माहेरी गेली आहे आणि तिला आणायला जायचा धीर होत नाही.

अशा रुग्णांपैकी बरेचजण शेवटी एक प्रश्न विचारतात, 'डॉक्टर, ध्यान करू का? माळ घालू का? घरचे म्हणतात भगताला दाखव. याने फरक पडेल का?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मनाच्या डॉक्टरपर्यंत पोचणं सोपं नसतं, पण भजनी मंडळ, आरती, व्रत आणि यात्रा प्रत्येक गावात आहेत. त्यांचा उपयोग होतो का, कसा होतो आणि कुठे थांबायचं, हे नीट समजून घेऊया.

नात्यातला आत्मविश्वास म्हणजे नेमकं काय?

मोठ्या आवाजात बोलणं म्हणजे आत्मविश्वास नव्हे. घरात ज्याचा शब्द चालतो, तो आतून घाबरलेला असू शकतो. रोजच्या व्यवहारात नात्यातला आत्मविश्वास पुढच्या चार गोष्टींतून दिसतो.

- आपल्याला काय वाटतं आणि काय हवं आहे, हे न ओरडता सांगता येणं.
- समोरच्याने 'नाही' म्हटलं तरी कोसळून न जाणं, सूड न उगवणं.
- आपलं चुकलं तर ते कबूल करता येणं.
- चुकीची वागणूक सहन न करता 'हे मला चालणार नाही' असं म्हणता येणं.

या चारही गोष्टी शिकता येतात. कोणी जन्मतः भित्रा आणि कोणी जन्मतः धीट, असा कायमचा शिक्का नसतो. सवय, लहानपणी घरात पाहिलेली भांडणं, आजारपण, कर्ज, दारू अशा अनेक गोष्टींनी हा विश्वास कमी होतो आणि योग्य सवयींनी तो परत येऊ शकतो.

बोलायची वेळ आली की शरीरात काय होतं?

कठीण गोष्ट बोलायची असली की मेंदू त्याला धोका समजतो. अॅड्रेनालीन वाढतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, तोंड कोरडं पडतं, हातांना घाम येतो. वाघ समोर आला तर पळायला किंवा लढायला ही तयारी उपयोगी आहे. पण समोर आपला नवरा, बायको किंवा वडील असतील तर हीच तयारी अडचण होते. त्या क्षणी मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडतो. मग माणूस एकतर ओरडतो, निघून जातो किंवा मुका होतो. नंतर आठवतं की 'मला हे बोलायचं होतं आणि मी ते बोललोच नाही.'

जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. वाद चालू असताना नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. शरीर शांत व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. म्हणजे अशा वेळी 'आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष' लावण्यात अर्थ नसतो.

उपासनेने यात काय बदलतं?

ध्यान, जप, भजन, नमाज, प्रार्थना यांचा मार्ग वेगवेगळा आहे. पण शरीर आणि मनावर होणारे काही परिणाम सारखे आहेत.

पहिला परिणाम श्वासावर होतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापून आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत खाली आली आणि हृदय व रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण लयीत म्हटल्यावर शरीरात घडलेली गोष्ट एकच होती. श्वास लांब झाला की मेंदूला 'धोका टळला' असा निरोप जातो.

दुसरा परिणाम नेमाचा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः काहीतरी करून दाखवल्यावर. आपल्याकडे सातपुड्यात होळीला 'बावा', 'बुध्या' बनणारे तरुण काही दिवस कडक पाळणी पाळतात. वारकरी एकादशी पाळतो. कोणी रोज पहाटे उठून दहा मिनिटं जप करतो. स्वतःला दिलेला छोटा शब्द रोज पाळला की 'मी ठरवलेलं करू शकतो' हे मनात पक्कं होतं. नात्यात पाऊल पुढे टाकायला हाच विश्वास लागतो.

तिसरा परिणाम दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्याने होतो. अमेरिकेत फ्रँक फिंचम, नॅथॅनियल लॅम्बर्ट आणि इतरांनी केलेल्या प्रयोगांत, जोडीदाराच्या भल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची क्षमा करायची तयारी वाढलेली दिसली. हे अभ्यास मुख्यतः तिथल्या तरुण विद्यार्थ्यांवर झाले, त्यामुळे ते आपल्या घरांना जसेच्या तसे लागू करू नयेत. पण त्यातली कल्पना साधी आहे. 'देवा, याला सुधार' या मागणीत तक्रार असते. 'देवा, याचं भलं कर' म्हणताना आपण त्या माणसाकडे थोडं वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

चौथा परिणाम सोबतीचा आहे. भजनी मंडळात बसणारी बाई आठवड्यातून एकदा घराबाहेर पडते, चार जणींत आवाज काढते, तिचं सुखदुःख कोणीतरी ऐकतं. एकटेपणा कमी होणं हे औषधच आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण : 'आप' म्हणायला शिकवणारी आरती

उपासनेने नाती बदलतात का, याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, म्हणजे रंजनपूरला, १९३० च्या दशकात संत गुलाम महाराजांनी आदिवासी समाजात एक मोठी चळवळ उभी केली. लोक एकत्र जमून आरती करत. दारू सोडायची, अंगाची आणि घराची स्वच्छता ठेवायची आणि एकमेकांना 'आप' म्हणायचं, अशी शिकवण होती. त्यावरूनच तिला 'आप' हे नाव मिळालं. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचं निधन झालं आणि पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी हे काम चालवलं.

डॉक्टर म्हणून या शिकवणीकडे पाहिलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. यातली प्रत्येक गोष्ट नात्याला लागू होते. दारू सुटली की घरातली मारहाण आणि पैशांची उधळण कमी होते. स्वच्छतेने स्वतःबद्दलचा आदर वाढतो. आणि 'आप' या एका शब्दाने काय होतं ते पाहा. ज्या समाजाला बाहेरचे लोक सर्रास अरे-तुरे करत, त्यातली माणसं एकमेकांना मानाने हाक मारू लागली. ज्याला रोज मानाने हाक मारली जाते, त्याची मान आपोआप थोडी वर होते. आणि जो मानाने हाक मारतो, त्याला त्याच तोंडाने शिवी देणं अवघड जातं.

या जिल्ह्यात असं आणखी एकदा झालं. शहादा भागात अंबरसिंग महाराज भजनाच्या वाटेने लोकांपर्यंत पोचले आणि पुढे जमीन व मजुरीच्या हक्कांसाठी उभे राहिले. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना स्थापन झाली. त्या काळात आदिवासी स्त्रियांनी गावागावांत दारूचे अड्डे बंद पाडले, दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. एकेकटीला जे बोलायचा धीर नव्हता, ते त्या मिळून बोलल्या.

या दोन्ही उदाहरणांतून एकच मोजपट्टी हाती येते. आरतीला किती वेळ बसलात यापेक्षा आरतीहून उठल्यावर घरच्यांशी कसं बोललात, हे महत्त्वाचं आहे. उपासना बोलण्या-वागण्यात उतरली तर नात्यातला आत्मविश्वास वाढतो. ती देवघरातच राहिली तर मन तात्पुरतं शांत होतं, नातं आहे तिथेच राहतं.

घरी करून पाहण्यासारखा चार आठवड्यांचा नेम

यासाठी पैसे लागत नाहीत. कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येतो. देव न मानणाऱ्याने नामाऐवजी नुसते आकडे मोजले तरी चालेल.

पहिला आठवडा : श्वास. सकाळी किंवा रात्री ठरलेल्या वेळी १० मिनिटं बसा. मनात ४ मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, ६ मोजेपर्यंत सोडा. एक आकडा साधारण एक सेकंदाचा धरला तर मिनिटाला ६ श्वास होतात. श्वास सोडताना आवडीचं नाम घ्या. चक्कर आली तर गती नेहमीसारखी करा. मन भटकणारच. भटकलं की परत श्वासावर आणा, स्वतःवर चिडू नका.

दुसरा आठवडा : उजळणी. श्वासानंतर स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज मी घरात कोणाशी नीट बोललो? कोणाशी तुटकपणे वागलो? कोणती गोष्ट बोलायची राहून गेली? उत्तरं फक्त पाहायची. स्वतःला शिक्षा द्यायची नाही.

तिसरा आठवडा : दुसऱ्याचं भलं. ज्या माणसाशी जमत नाही, त्याच्यासाठी एक मिनिट चांगलं चिंता. मग दिवसभरात त्याला खरं वाटेल असं एक चांगलं वाक्य प्रत्यक्ष बोला. 'आज भाजी छान झाली होती', 'तुम्ही मुलाला शाळेत सोडलंत, माझं काम सोपं झालं' इतकं पुरे. खोटी स्तुती नको. ज्याने तुम्हाला मारहाण केली आहे त्याच्याबाबत ही पायरी सोडून द्या आणि खाली 'कधी थांबायचं' हा भाग वाचा.

चौथा आठवडा : एक मागणी. बोलायची राहिलेली एक छोटी गोष्ट निवडा. आधी पाच लांब श्वास घ्या. मग काय घडलं, मला काय वाटलं आणि मला काय हवं, या क्रमाने बोला. 'तुम्ही कधीच माझं ऐकत नाही' असं म्हणण्याऐवजी 'उसाचे पैसे आल्यावर काय करायचं ते ठरवताना मला विचारलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी आधी बोलूया' असं म्हणून पाहा. आवाज चढू लागला तर 'मी अर्ध्या तासाने परत येऊन बोलतो' असं सांगून उठा. परत या म्हणजे याच. न सांगता निघून जाणं आणि सांगून थांबणं यात मोठा फरक आहे.

महिना झाल्यावर घरातल्या एखाद्या माणसाला विचारा, 'माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का?' तुमच्या साधनेचा रिपोर्ट तोच.

उपासना उलट कधी पडते?

काही वेळा हीच साधना माणसाला नात्यापासून दूर नेते. अमेरिकन मानसोपचारतज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८० च्या दशकात हा प्रकार नेमका दाखवून दिला. मनातल्या जखमेला हात लावायचा नाही म्हणून माणूस अध्यात्माच्या आड लपतो. आपल्याकडे याची रूपं अशी दिसतात.

- भांडण झालं की नवरा दोन-दोन तास देवळात जाऊन बसतो, पण बायकोशी चार शब्द बोलत नाही.
- 'मी आता सगळ्याच्या पलीकडे गेलोय' असं म्हणून घराची जबाबदारी टाळली जाते.
- माळ घातलेला माणूस घरातल्या इतरांना पापी ठरवतो आणि त्यांच्या ताटावर लक्ष ठेवतो.
- मार खाणाऱ्या बाईला 'तुझ्या नशिबाचे भोग आहेत, देवाचं नाव घे' असा सल्ला दिला जातो.

शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे. क्षमा करणं आणि मार खाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मारहाण, उपाशी ठेवणं, जबरदस्ती, सतत अपमान, घराबाहेर पडू न देणं, हे चालू असेल तर आधी सुरक्षितता पाहायची. ध्यान, उपवास नंतर.

वशीकरणाचे ताईत, 'नवरा मुठीत ठेवण्याची' राख, पैसे घेऊन बाधा उतरवणं, यांच्या नादी लागू नका. नातं बिघडलं म्हणून घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवणं हा तर तिच्या जिवाशी खेळ आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि अशा प्रकारांवर गुन्हा नोंदवता येतो.

व्रत घेण्याआधी तब्येतीच्या या गोष्टी पाहा

शपथ घेऊन दारू एकदम सोडणं. माळ घालून, देवासमोर शपथ घेऊन अनेकांची दारू सुटते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने घरीच एका दिवसात बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. काही तासांतच हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस बरळू लागतो, त्याला नसलेल्या गोष्टी दिसतात. घरचे याला 'देव अंगात आला' किंवा 'बाहेरची बाधा' समजतात. प्रत्यक्षात ही जिवावर बेतणारी वैद्यकीय अवस्था असते आणि वेळेवर उपचार मिळाले तर माणूस वाचतो. म्हणून शपथ जरूर घ्या, पण आधी सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवा. काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं की दारू सुरक्षितपणे सोडता येते.

मधुमेह आणि उपवास. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना निर्जळी उपवास केला तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, भूक आणि चिडचिड होते. उपवासाच्या दिवशीच घरात भांडण होत असेल तर आधी साखर तपासा. गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बदला, स्वतःहून बंद करू नका.

सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे 'एसएस' रिपोर्ट असलेल्यांना, पाणी कमी पडणं, थंडी आणि अति दमणं यांनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अस्तंब्याची चढण किंवा सप्तशृंगीची पायी वारी करायची असेल तर डॉक्टरांशी बोलून, पाणी सोबत घेऊन, थांबत थांबत जा. निर्जळी उपवास टाळा.

चालू औषधं. रक्तदाब, फिट्स, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधं 'आता साधना सुरू केली' म्हणून बंद करू नका. ज्यांना पूर्वी भास होण्याचा आजार झाला आहे त्यांनी दिवसदिवस मौन किंवा जागरणाची शिबिरं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. त्याने आजार पुन्हा उफाळू शकतो.

आत्मविश्वास कमी होण्यामागे आजार तर नाही?

सगळं मनाचं असतं असं नाही. बाईचं हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर थकवा, धडधड आणि रडू येणं असतंच. थायरॉइड कमी-जास्त असेल तरी उदास किंवा बेचैन वाटतं. बाळंतपणानंतरची उदासी हा उपचार होणारा आजार आहे. तो नव्या सुनेचा 'स्वभाव' नव्हे.

पुरुषांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. शरीरसंबंधात ताठरता येत नसेल तर अनेकजण लाजेने बायकोपासून दूर राहतात आणि गुपचूप जडीबुटी घेतात. यामागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू किंवा नुसती काळजीही असू शकते. कधी कधी हृदयविकाराची ही पहिली खूण असते. यावर उपाय आहेत, पण ते तपासणी करूनच घ्यायचे.

कधी थांबायचं आणि मदत घ्यायची?

- दोन आठवडे रोज उदास वाटतं किंवा कशातच रस उरला नाही.
- झोप, भूक किंवा काम बिघडलं आहे.
- भीतीचे झटके येतात, घराबाहेर पडवत नाही.
- दारूशिवाय दिवस जात नाही.
- घरात मारहाण होते किंवा मारण्याची धमकी दिली जाते.
- जगणं नको वाटतं, मरणाचे विचार येतात.

यातलं काहीही असेल तर उपासना चालू ठेवा, पण फक्त तिच्यावर अवलंबून राहू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा. मानसिक त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. घरातल्या हिंसेसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ वर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार बाईला संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्च मागता येतो. मरणाचे विचार येत असतील तर एकटे राहू नका. कोणालातरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती दिवसांत फरक दिसतो?
लांब श्वासाने काही मिनिटांत शरीर शांत होतं. बोलण्या-वागण्याची सवय बदलायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. अधूनमधून खंड पडला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.

जोडीदार यात भाग घेत नसेल तर?
जबरदस्ती करू नका. तुम्ही एकट्याने सुरू केलं तरी तुमचं बोलणं बदलतं आणि त्याने पुष्कळदा भांडणाची दिशा बदलते. पण नातं दोघांचं असतं. सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. समोरचा बदलला नाही म्हणजे तुमची भक्ती कमी पडली, असं मुळीच नाही.

कामासाठी गुजरातला जावं लागतं, नेम कसा ठेवायचा?
जागा लागत नाही. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटांचा श्वास पुरतो. घरी फोन कराल तेव्हा पैशांचं बोलण्याआधी 'तुम्ही कसे आहात' हे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. दूर राहणाऱ्यांच्या नात्यात एवढ्यानेही फरक पडतो.

भगताकडे गेलो तर चालेल का?
धीर मिळतो म्हणून गेलात तर डॉक्टर रागावणार नाहीत. फक्त तीन गोष्टी पाळा. औषध बंद करू नका, चटके देणं, मारणं किंवा उपाशी ठेवणं होऊ देऊ नका आणि कोणावर करणीचा आळ घेऊ देऊ नका.

थोडक्यात

ध्यान, भजन, जप आणि व्रत यांनी शरीर शांत होतं, नेम पाळण्याची ताकद येते आणि सोबत मिळते. त्या बळावर घरात मानाने बोलायचं, मानाने ऐकायचं आणि अन्यायाला 'नाही' म्हणायचं, हे मात्र आपल्यालाच करावं लागतं. सुरुवात अगदी लहान असू द्या. आज रात्री दहा मिनिटं श्वास, आणि उद्या सकाळी घरातल्या एका माणसाला मानाने हाक.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमचा आजार आणि चालू औषधं यांनुसार सल्ला बदलतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.*